देहातील विरजण आणि न बोललेले दुखणे

गोदावरीच्या काठावरील बासर हे गाव ज्ञानसरस्वतीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. लहानग्याला मांडीवर घेऊन आईवडील येथे बसतात आणि त्याचा इवलासा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. वसंत पंचमीला तर नांदेड, धर्माबाद, परभणीकडील मराठी कुटुंबांची आणि तेलुगू भाविकांची येथे एकच गर्दी उसळते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गणले जाणारे हे गाव दोन भाषांच्या शिवेवर वसलेले आहे. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या या गावात येणाऱ्या आयांना मात्र एका बाबतीत दोन्ही भाषांनी पुरेसे शब्द दिलेले नाहीत. ती बाब त्यांच्या स्वतःच्या शरीराची आहे.

‘अंगावरून जाते’, ‘पांढरे जाते’, ‘धुपणी लागली’, ‘खाली जळजळ होते’. योनीमार्गाच्या तक्रारी मराठी स्त्री अशा आडवळणाच्या शब्दांनी सांगते, आणि तेही सांगितल्याच तर. पुष्कळदा ती कंबरदुखी किंवा अशक्तपणाचे कारण पुढे करते आणि मूळ तक्रार मनातच ठेवते. या मौनामुळे एक साधी शास्त्रीय गोष्ट घरोघरी पोहोचलेली नाही. योनीमार्ग ही अस्वच्छ जागा नसून तेथे उपकारक जीवाणूंची वस्ती असते, ही वस्ती शाबूत असेपर्यंत ती स्वतःच राखणदारी करते, आणि ती विस्कटली की तक्रारी सुरू होतात.

गडचिरोलीतील दोन गावे

हे मौन किती खोल आहे याचा पहिला ठोस पुरावा गडचिरोलीतून आला. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. रुग्णालयात आलेल्या रुग्ण स्त्रिया न घेता गावातील सर्वसामान्य स्त्रिया तपासणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होते. त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभरात त्यांची चर्चा झाली.

तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. प्रत्येक स्त्रीमागे अशा रोगांची सरासरी ३.६ इतकी निघाली. या एकूण रोगभारापैकी निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. स्त्रीरोगासाठी पूर्वी कधीतरी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. या अभ्यासाने दाखवून दिले की या तिन्हींच्या बाहेरही स्त्रीला शरीर असते, आणि ते दुखत असते.

विरजण कसे काम करते

या विषयाचे शास्त्र समजून घ्यायला मराठी घरातील दह्याचे भांडे पुरेसे आहे. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की त्यातील जीवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दूध आंबते, दही लागते, आणि त्या आंबटपणात नासवणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. योनीमार्गातही जवळपास हेच घडते. तेथील विरजण म्हणजे लॅक्टोबॅसिलस या कुळातील जीवाणू.

जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये या दंडाकृती जीवाणूंचे वर्णन केले. आजही वैद्यकीय पुस्तकांत त्यांना ‘डोडरलाइन जीवाणू’ म्हटले जाते. योनीमार्गाच्या आतील अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन नावाचा पिष्टासारखा पदार्थ साठतो. हा साठा करायला लावणारे संप्रेरक म्हणजे अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन. अस्तरातील जुन्या पेशी गळून पडतात, त्यांतील ग्लायकोजेनचे लहान शर्करांमध्ये विघटन होते, आणि लॅक्टोबॅसिलस त्या शर्करांपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे निरोगी प्रजननक्षम स्त्रीच्या योनीमार्गाचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, साधारण ३.५ ते ४.५ यांच्या दरम्यान राहतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक, हे ध्यानात घेतले की ही जागा पाण्याच्या तुलनेत किती आम्लधर्मी असते याची कल्पना येते.

हा सगळा क्रम इस्ट्रोजेनवर अवलंबून असल्याने वयानुसार चित्र बदलते. पाळी सुरू होण्यापूर्वी मुलींमध्ये लॅक्टोबॅसिलस कमी असतात. प्रजननाच्या वयात ते वाढतात. पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, ग्लायकोजेन घटते, आणि ओघानेच जीवाणूंची वस्तीही विरळ होते. पन्नाशीनंतर अनेक स्त्रियांना जाणवणारा कोरडेपणा, जळजळ आणि वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांचे एक मूळ येथे आहे. म्हणजे त्या तक्रारींत लाजण्याजोगे काही नसते, आणि ‘वयच झाले’ म्हणून सोसत राहण्याचेही कारण नसते. त्यांवर डॉक्टरांकडे उपचार आहेत.

लॅक्टोबॅसिलसही एकच नसतो. क्रिस्पेटस, गॅसेरी, जेन्सेनी आणि इनर्स या चार जाती येथे प्रामुख्याने आढळतात. त्यांपैकी क्रिस्पेटस हा सर्वांत भरवशाचा राखणदार मानला जातो, तर इनर्सची वस्ती तुलनेने लवकर डळमळते. अमेरिकेत २०११ मध्ये ३९६ निरोगी स्त्रियांच्या नमुन्यांवर झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात या वस्तीचे पाच ठळक प्रकार मांडले गेले. चार प्रकारांत एकेका लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व होते. पाचव्या प्रकारात मात्र लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जीवाणूंची सरमिसळ अधिक होती, तरीही त्या स्त्रियांना कोणतीही तक्रार नव्हती. म्हणून लॅक्टोबॅसिलस कमी आढळणे म्हणजे लगेच रोग, असेही समीकरण मांडता येत नाही.

विरजण बिघडते तेव्हा

उपकारक जीवाणू घटले आणि त्यांच्या जागी इतर जीवाणूंची गर्दी झाली की ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ ही अवस्था निर्माण होते. मराठीत तिला योनीमार्गातील जीवाणूंचे असंतुलन म्हणता येईल. यात गार्डनेरेला हा जीवाणू अग्रभागी असतो. तो अस्तरावर चिकट थर तयार करतो आणि त्या थराच्या आडोशाने इतर जीवाणूही तग धरतात. औषधाने वरचे जीवाणू मेले तरी थराचे अवशेष राहिल्यास दुखणे पुन्हा उद्भवते.

या अवस्थेत स्राव पातळ, राखाडी-पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. शरीरसंबंधानंतर हा वास अधिक जाणवतो. खाज मात्र फारशी नसते. १९८३ मध्ये ठरलेल्या निदानाच्या निकषांनुसार स्रावाचे स्वरूप, ४.५ हून अधिक सामू, विशिष्ट वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंनी वेढलेल्या पेशी या चारांपैकी तीन गोष्टी आढळल्या, तर हे निदान करता येते. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

पांढरे जाण्याची प्रत्येक तक्रार याच असंतुलनाची असते असे नाही. कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गात स्राव फाटलेल्या दुधासारखा घट्ट असतो आणि खाज असह्य होते. मधुमेह, गर्भारपण आणि प्रतिजैविकांचा वापर यांत हा संसर्ग अधिक दिसतो. विशेष म्हणजे कॅन्डिडाच्या संसर्गात सामू बहुधा नेहमीसारखाच राहतो. त्यामुळे आंबटपणा वाढवणारी द्रावणे वापरून ही बुरशी जाईल, ही समजूत निराधार आहे. तिसरा प्रकार ट्रायकोमोनास या परजीवीचा. त्यात स्राव पिवळसर-हिरवट आणि फेसाळ असू शकतो. हा संसर्ग शरीरसंबंधातून पसरतो आणि त्यात पतिपत्नी दोघांनाही एकाच वेळी औषध घ्यावे लागते.

तिन्ही दुखण्यांची औषधे वेगळी आहेत. बुरशीवरचे औषध जीवाणूंवर चालत नाही आणि जीवाणूंवरचे औषध बुरशीवर. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणणे येथे अंगाशी येते. अनावश्यक प्रतिजैविकाने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही नष्ट होऊ शकतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते.

या असंतुलनाकडे ‘बायकांचे नेहमीचेच’ म्हणून दुर्लक्ष करण्याची किंमत मोठी असू शकते. त्याचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी, गर्भाशय व गर्भनलिकांच्या दाहाशी आणि लैंगिक संसर्गाच्या वाढत्या धोक्याशी आढळला आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका संशोधनाने हा धागा स्पष्ट केला. एचआयव्हीपासून संरक्षण देणारी टेनोफोव्हिर या औषधाची जेल तेथील स्त्रियांना देण्यात आली होती. ज्यांच्या योनीमार्गात लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व होते त्यांच्यात तिने संसर्गाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी केला. ज्यांच्यात तसे वर्चस्व नव्हते त्यांच्यात ही घट केवळ १८ टक्के होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात असे दिसले की गार्डनेरेलासारखे जीवाणू औषधाचेच विघटन करत होते. औषध तेच असूनही वस्ती बदलताच त्याचा परिणाम बदलला.

धुण्याचा अतिरेक आणि वाळवण्याची लाज

हे संतुलन बिघडवणाऱ्या गोष्टी रोजच्या जगण्यातल्याच आहेत. प्रतिजैविकांचा वापर ही त्यांतली एक. पाळीचे रक्त आणि पुरुषाचे वीर्य हे दोन्ही आम्लधर्मी नसल्याने त्यांमुळेही सामू काही काळ वाढतो. निरोगी वस्ती तो पुन्हा पूर्ववत करते. तंबाखूच्या धूम्रपानाशीही या असंतुलनाचा संबंध आढळला आहे.

सर्वांत टाळता येण्याजोगे कारण मात्र स्वच्छतेच्या चुकीच्या कल्पनेतून आलेले आहे. साबण, जंतुनाशक द्रव, तुरटीचे पाणी किंवा सुगंधी द्रावण योनीमार्गाच्या आत घालून धुतल्याने ‘घाण’ निघते असे अनेकींना वाटते. प्रत्यक्षात त्याने उपकारक जीवाणू वाहून जातात आणि अस्तराचा दाह होतो. दुर्गंधी आली म्हणून धुवावे, धुतल्याने जीवाणू घटावेत, ते घटल्याने दुर्गंधी वाढावी, असे हे दुष्टचक्र आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. आतल्या भागाची स्वच्छता शरीर स्वतः करते, आणि थोडासा स्राव हे त्या स्वच्छतेचेच रूप आहे.

पाळीतील कपड्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ओडिशातील रुग्णालयांत ४८६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुन्हापुन्हा वापरायचे कापड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये जननमार्गाचा व मूत्रमार्गाचा संसर्ग अधिक आढळला. याचा अर्थ कापड मुळातच वाईट, असा काढणे घाईचे ठरेल. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले जाते की कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून इतर कपड्यांखाली, माळ्यावर, ओलसर कोपऱ्यात दडवले जाते, हा खरा प्रश्न आहे. दोरीवर उन्हात टाकलेला एक कपडा लपवावा लागतो तेथे आजाराला वाट मिळते.

दही, कॅप्सूल आणि संशोधन

उपकारक जीवाणू घटल्याने त्रास होत असेल, तर ते बाहेरून का देऊ नयेत? प्रोबायोटिक उपचारांमागचा विचार इतका सरळ आहे. पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांनी केली. या व्याख्येतील ‘जिवंत’, ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘लाभ करून देणारे’ हे तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. बाजारातील प्रत्येक उत्पादन या तिन्ही कसोट्यांवर उतरतेच असे नाही.

आतापर्यंतच्या सर्वांत आश्वासक प्रयोगांपैकी एक अमेरिकेत झाला. बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालेल्या २२८ स्त्रियांना प्रथम मेट्रोनिडॅझोलचा नेहमीचा उपचार देण्यात आला. त्यानंतर काहींच्या योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटसची एक विशिष्ट उपजात भुकटीच्या रूपात ठेवण्यात आली, तर इतरांना तशीच दिसणारी पण जीवाणूविरहित भुकटी मिळाली. बारा आठवड्यांच्या अखेरीस जीवाणू मिळालेल्यांपैकी ३० टक्के स्त्रियांना दुखणे पुन्हा झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होते. २०२० मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

या आकड्यांतून दोन धडे मिळतात. पहिला असा, की योग्य जीवाणू योग्य जागी पोहोचवल्यास लाभ होतो. दुसरा असा, की तो लाभ औषधाला पर्याय म्हणून नव्हे तर औषधानंतरचा आधार म्हणून मिळाला, आणि तरीही दर दहापैकी तिघींना त्रास उलटलाच. दह्याच्या भाषेत सांगायचे तर नासलेल्या दुधात विरजण घालून दही लागत नाही. आधी भांडे घासावे लागते, मगच नवे विरजण धरते.

तोंडाने घ्यायच्या प्रोबायोटिक कॅप्सूलांबाबत पुरावा अजून कमकुवत आणि परस्परविरोधी आहे. त्यांतील जीवाणूंना जठरातील आम्ल आणि आतड्याचा लांबचा प्रवास पार करून इच्छित जागी पोहोचायचे व तेथे टिकायचे असते. शिवाय अनेक कॅप्सूलांत असलेल्या जाती मूळच्या आतड्यातल्या किंवा दुधातल्या असतात, योनीमार्गातल्या नव्हे. त्या घेतल्याने निरोगी व्यक्तीला सहसा अपाय होत नाही, पण त्यांच्या भरवशावर तपासणी आणि उपचार लांबणीवर टाकणे मात्र अपायकारक ठरते.

घरच्या दह्याविषयीही स्पष्टता हवी. दही आणि ताक हा उत्तम आहार आहे आणि तो अवश्य घ्यावा. परंतु दही लावणारे जीवाणू आणि योनीमार्गातील जीवाणू हे एकाच गोत्रातले असले तरी एकाच घरातले नव्हेत. दह्यातील जाती योनीमार्गात कायमची वस्ती करत नाहीत. त्यामुळे दही योनीमार्गात लावण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. घरच्या दह्यात नेमके कोणते जीवाणू आणि कोणत्या बुरशा आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. विरजणाची उपमा समजून घेण्यापुरती चांगली आहे, उपचारापुरती नव्हे. लसणाची पाकळी, लिंबाचा रस किंवा चहाच्या झाडाचे तेल आत वापरण्याचे समाजमाध्यमांवर फिरणारे उपायही याच कारणाने टाळलेले बरे.

उपचार फक्त तिचाच का?

बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा सर्वांत त्रासदायक गुणधर्म म्हणजे ते पुन्हापुन्हा उलटते. नेहमीच्या उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुन्हा त्रास झाल्याचे ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत दिसले होते. दर वेळी स्त्रीनेच औषध घ्यायचे, स्त्रीनेच पथ्य पाळायचे आणि पुन्हा त्रास झाला की दोषही तिलाच, असा क्रम जगभर चालत आला.

मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या क्रमाला छेद देणारे निष्कर्ष मांडले. त्यांच्या प्रयोगात १६४ जोडप्यांचा समावेश होता. एका गटात केवळ स्त्रीला उपचार मिळाले. दुसऱ्या गटात तिच्या जोडीदारालाही सात दिवस पोटातून मेट्रोनिडॅझोल आणि त्वचेवर लावण्यासाठी क्लिंडामायसिनचे मलम देण्यात आले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातील ६३ टक्के स्त्रियांना दुखणे पुन्हा झाले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आले. फरक इतका ठळक होता की प्रयोग ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आला. या जीवाणूंचा साठा पुरुषाच्या त्वचेवरही असतो आणि तेथून ते पुन्हा परततात, हे यावरून अधोरेखित झाले. ‘तुझ्या अंगातच काहीतरी बिघाड आहे’ असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या स्त्रियांसाठी या निष्कर्षाचे मोल औषधाच्या पलीकडचे आहे. वारंवार त्रास होत असेल तर पतीनेही सोबत जावे आणि डॉक्टरांना दोघांच्या उपचाराविषयी विचारावे.

पिशवी काढण्याची घाई

हे ज्ञान पोहोचले नाही तर काय होते, याचे सर्वांत कठोर उत्तर गोदावरीच्या खोऱ्यातच सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. आंध्र प्रदेशात हे प्रमाण सुमारे ९ टक्के आणि तेलंगणात सुमारे ८ टक्के होते. देशभरातील अशा शस्त्रक्रियांपैकी दोन तृतीयांश खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. अतिरक्तस्राव हे त्यांचे सर्वांत मोठे कारण होते, परंतु स्रावाची तक्रार हे कारणही स्त्रियांनी नोंदवले.

महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, अशा परिस्थितीत पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांसारख्या तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक तरुण स्त्रियांना ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचे त्यांनी सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला.

उपकारक जीवाणूंचे शास्त्र ज्याला ठाऊक आहे त्याला या सल्ल्यातील विसंगती लगेच दिसते. जीवाणूंचे असंतुलन योनीमार्गात असते. गर्भाशय काढले तरी योनीमार्ग तेथेच राहतो आणि असंतुलनही राहू शकते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते. इस्ट्रोजेन नाही म्हणून ग्लायकोजेन नाही, ग्लायकोजेन नाही म्हणून लॅक्टोबॅसिलस नाहीत. म्हणजे ज्या तक्रारीसाठी शस्त्रक्रिया केली, तिची जमीनच अधिक नापीक होते. शिवाय कोवळ्या वयात हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, तो वेगळाच. सात दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी बरे होऊ शकणाऱ्या दुखण्यासाठी एखादी स्त्री कर्ज काढून अवयव गमावते, तेव्हा ती माहितीच्या अभावाचीच किंमत मोजत असते.

प्रत्येक स्राव म्हणजे रोग नव्हे

या चित्राची दुसरी बाजू गोव्यातील एका अभ्यासाने दाखवली. उत्तर गोव्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील २ हजार ४९४ स्त्रियांची पाहणी डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतील सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात केली. बॅक्टेरियल व्हजायनोसिस १७.८ टक्के आणि कॅन्डिडा ८.५ टक्के स्त्रियांमध्ये आढळला. लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग मात्र ४.२ टक्केच होते. म्हणजे जननमार्गाच्या बहुतेक संसर्गांचा चारित्र्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो संशय मनात धरून नवऱ्याने केलेली भांडणे आणि बायकोने लपवलेली दुखणी दोन्ही निराधार होती.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्गापेक्षाही मनावरील ताण, चिंता आणि नैराश्य यांच्याशी असलेला संबंध अधिक बळकट होता. शरीराची ‘शक्ती’ या स्रावावाटे झिरपून जाते, ही आपल्याकडील जुनी समजूत. दिवसभर राबून थकलेली, मनातले कोणापाशी बोलू न शकणारी स्त्री आपला थकवा याच शब्दांत सांगते. म्हणून तिला कॅप्सूल देण्याआधी तिचे ऐकून घेणे हाही उपचाराचा भाग ठरतो.

पारदर्शक किंवा दुधाळ, वास नसलेला, खाज न आणणारा स्राव नैसर्गिक असतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो पातळ व तारेसारखा लवचीक होतो, गर्भारपणात वाढतो. स्रावाचा रंग, वास किंवा घट्टपणा एकदम बदलला, खाज वा जळजळ होऊ लागली, ओटीपोटात दुखून ताप आला, शरीरसंबंधावेळी वेदना वा रक्तस्राव झाला, तर डॉक्टरांकडे जावे. गर्भवतीने आणि मधुमेही स्त्रीने मुळीच वाट पाहू नये. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला तरी तपासणी अत्यावश्यक आहे. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली या तक्रारींवर मोफत सल्ला व औषधे मिळतात. गावातील आशाताईंना याची माहिती असते. कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिलाच, तर निदान काय, सोनोग्राफीत काय दिसले, गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, आणि औषधाने का भागणार नाही, हे चार प्रश्न विचारून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. तो प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे.

प्रोबायोटिक्सचे शास्त्र अजून घडते आहे. उद्या कदाचित खात्रीची भुकटी किंवा गोळी औषधाच्या दुकानात मिळेलही. तोवर हाताशी असलेल्या गोष्टी साध्या आहेत. आत साबण न घालणे, कापड उन्हात वाळवणे, प्रतिजैविके मनाने न घेणे, उपचार अर्धवट न सोडणे, आणि दुखणे त्याच्या नावाने सांगणे. बासरच्या पाटीवर मूल पहिले अक्षर गिरवते तेव्हा त्याचा हात धरणारी आईच असते. ‘मला योनीमार्गात त्रास होतो आहे’ हे वाक्य तिला डॉक्टरांपुढे न अडखळता उच्चारता आले, तर निम्मे उपचार तेथेच सुरू होतील.